अग्निशमन केंद्रे व पोलीस ठाणी : नगरनियोजन

शहरातील जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणासाठी अग्निशमन केंद्रे, पोलीस ठाणी व चौक्या लागतात. त्यांच्याशी संलग्न अशी निवासस्थाने, कवायतीची मैदाने व नियंत्रण कक्षही लागतात. या सर्वांची संख्या, जागा, आकारमान व खर्च आगाऊ ठरविण्याचे काम नगरपालिका, महानगरपालिका किंवा अन्य नियोजन प्राधिकरण करते. हे काम नगररचनेचा एक भाग मानले जाते. या दोन सेवांची गणना सामान्यतः एकाच सदराखाली होत असली, तरी त्यांच्या जागांची निवड भिन्न तत्त्वांवर करावी लागते. अग्निशमन केंद्रातून वाहन नागरिकाकडे जाते, तर पोलीस ठाण्याकडे बहुधा नागरिक स्वतः येतो. एक गोष्ट मात्र दोहोंना समान आहे. जागेची गरज जेव्हा तीव्रतेने भासू लागते, तेव्हा योग्य जागा शहरात क्वचितच शिल्लक राहिलेली असते. त्यामुळे वस्ती होण्यापूर्वी जागा राखून ठेवणे आणि राखलेली जागा मुदतीत ताब्यात घेणे, हा या नियोजनाचा गाभा होय. [→ नगररचना].

इतिहास : आग व चोरी या दोन्ही संकटांवर रात्रीची गस्त हाच प्राचीन नगरांतील मुख्य उपाय होता, त्यामुळे दोन्ही कामे बहुधा एकाच यंत्रणेकडे असत. रोममध्ये ऑगस्टस बादशहाने इ. स. ६ मध्ये ‘विगिलेस’ नावाचे पथक उभारले. शहराचे चौदा विभाग होते व या पथकाच्या सात तुकड्या होत्या. प्रत्येक तुकडीकडे दोन विभाग सोपविलेले असत. आग विझविणे व रात्रीचा पहारा ही दोन्ही कामे ती करी. लोकसंख्या व क्षेत्र यांच्या हिशेबाने संरक्षक ठाणी वाटून देण्याचे हे एक जुने उदाहरण होय. भारतात कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरकाच्या कर्तव्यांत रात्रीच्या संचाराचे नियंत्रण व अग्निप्रतिबंध या दोहोंचा समावेश आहे. घरमालकांनी पाण्याची भांडी, शिडी, आकडी यांसारखी साधने जवळ बाळगावीत, तसेच रस्त्यांवर व चौकांत पाण्याने भरलेले घडे ओळीने ठेवावेत, असे त्यात सांगितले आहे. पेशवेकालीन पुण्यात कोतवाल व त्याच्या हाताखालील पेठांच्या चावड्या शहराचा बंदोबस्त पाहत.

आधुनिक काळात या दोन सेवा विभक्त झाल्या. लंडनच्या १६६६ मधील मोठ्या आगीनंतर विमा कंपन्यांनी आपापली बंबपथके ठेवली. एडिंबरो येथे १८२४ मध्ये जेम्स ब्रेडवुड याच्या नेतृत्वाखाली नगराचे स्वतःचे पथक स्थापन झाले. लंडनमध्ये १८२९ साली महानगर पोलीस दल उभारले गेले, परंतु अग्निशमन पुढेही कित्येक वर्षे विमा कंपन्यांकडेच राहिले. १८६१ मध्ये थेम्स नदीकाठच्या टूली मार्गावरील गुदामांना लागलेल्या आगीत खुद्द ब्रेडवुड मृत्युमुखी पडला. एवढा भार विमा कंपन्यांना पेलण्याजोगा नव्हता. परिणामी १८६५ च्या अधिनियमान्वये ही सेवा सार्वजनिक खर्चाने चालविण्याचे ठरले व पुढील वर्षापासून तिचा कारभार लंडनच्या महानगर कार्यमंडळाकडे आला.

मुंबईतही सुरुवातीला अग्निशमनाचे काम पोलिसांच्या देखरेखीखाली होते व त्यासाठी घोड्यांनी ओढावयाचे बंब वापरीत. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने ते महानगरपालिकेच्या आवश्यक कर्तव्यांत समाविष्ट झाले. या दलाचे मुख्यालय भायखळा येथे आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील कापसाला आग लागली व त्याच जहाजावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने आणखी एक मोठा स्फोट झाला. यात अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. स्फोटक माल कोठे ठेवावा, दाट वस्तीपासून तो किती अंतरावर असावा, हे प्रश्न अग्निशमन केंद्राच्या जागेइतकेच नगरनियोजनाच्या कक्षेत येतात, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

अधिकारांची विभागणी : भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे विषय मोडतात. पोलीस ठाणे कोणते, हे राज्य शासनाने घोषित करावे लागते; नगरपालिकेला ते स्थापन करता येत नाही. अग्निशमन सेवेचा निर्देश मात्र १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांकडे सोपविता येण्याजोग्या अठरा विषयांच्या यादीत आहे. महाराष्ट्रात मोठ्या शहरांतील अग्निशमन दले महानगरपालिकांची असतात. म्हणजे अग्निशमन केंद्राची जागा, इमारत, वाहने व मनुष्यबळ यांची जबाबदारी महानगरपालिका उचलते. पोलीस ठाण्यासाठी ती विकास योजनेत जागा दर्शविते आणि बांधकाम व खर्च राज्य शासनाकडे राहतो. पोलिसांची निवासस्थाने व इमारती बांधण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७४ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बहुतेक शहरांत पोलीस व अग्निशमन ही दोन्ही खाती नगर परिषदेच्या अखत्यारीत असल्याने तेथे दोहोंच्या नव्या इमारतींचा आराखडा एकत्रित करता येतो. भारतीय शहरांत त्यासाठी दोन शासनसंस्थांचा मेळ घालावा लागतो व विलंबाचे एक कारण येथेच आढळते.

अंतर व वेळ : बंद खोलीत लागलेली आग प्रारंभी हळू व नंतर झपाट्याने वाढते. सामानसुमानाने भरलेल्या खोलीत काही मिनिटांतच सर्व ज्वलनशील वस्तू एकाच वेळी पेट घेण्याची अवस्था येऊ शकते. त्यानंतर खोलीतील माणूस वाचण्याची आशा फारशी उरत नाही आणि आग शेजारच्या खोल्यांकडे वळते. म्हणून अग्निशमन केंद्राची जागा ठरविताना वेळ हे मुख्य माप धरतात. आग लक्षात येणे, वर्दी मिळणे, जवानांनी वाहनात बसून निघणे, प्रवास आणि घटनास्थळी नळ जोडून पाणी सुरू करणे, असे या वेळेचे टप्पे असतात. पैकी प्रवासाचा टप्पा केंद्राच्या जागेवर अवलंबून असतो. इतर टप्पे शिस्तीने, सरावाने व संदेशवहनाच्या साधनांनी काही अंशी कमी करता येतात. चुकीच्या जागी बांधलेल्या केंद्राचा प्रवास मात्र इमारत उभी असेपर्यंत लांबच राहतो.

भारताच्या गृह मंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने अधिक धोक्याच्या नागरी विभागांत तीन ते पाच मिनिटांत, अन्य नागरी विभागांत पाच ते सात मिनिटांत व ग्रामीण भागात वीस मिनिटांत मदत पोहोचावी, असे प्रमाण सुचविले. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या २००१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या मानकात पहिल्या बंबाचा प्रवास नव्वद टक्के प्रसंगी चार मिनिटांच्या आत व्हावा, अशी अपेक्षा आहे. येथे ‘नव्वद टक्के’ हे शब्द महत्त्वाचे होत. केवळ सरासरी पाहिल्यास जवळच्या घरांना मिळणारी तत्पर सेवा दूरच्या वस्तीची उपेक्षा झाकून टाकते.

किती केंद्रे बांधल्याने किती लाभ होतो, याचे गणिती विवेचन १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क शहरासाठी काम करणाऱ्या रँड संस्थेच्या संशोधकांनी केले. त्यांच्या ‘वर्गमूळ नियमा’नुसार प्रवासाचे सरासरी अंतर हे प्रत्येक केंद्राच्या वाट्याला येणाऱ्या क्षेत्राच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. उदा., ३६ चौ. किमी. क्षेत्राच्या शहरात चार केंद्रे असल्यास प्रत्येकाकडे ९ चौ. किमी. क्षेत्र येते, नऊ केंद्रे बांधल्यास ४ चौ. किमी. येते. या क्षेत्रांची वर्गमुळे अनुक्रमे ३ व २ आहेत. म्हणजे केंद्रांची संख्या सव्वादोन पट झाली, तरी सरासरी अंतर एकतृतीयांशानेच घटते. अंतर निम्मे करावयाचे तर केंद्रे चौपट हवीत. केंद्रांची संख्या वाढविण्याचा लाभ असा उत्तरोत्तर घटत जातो. त्यामुळे आहे त्या संख्येत जागांची निवड अचूक असणे अधिक मोलाचे ठरते.

या नियमाच्या मर्यादाही त्याच शहरात दिसून आल्या. आर्थिक काटकसरीसाठी न्यूयॉर्कने काही बंबपथके बंद केली किंवा हलविली आणि त्यांत वारंवार आगी लागणाऱ्या गरीब वस्त्यांतील पथकेही होती. रस्त्यांवरील गर्दी व एकाच वेळी अनेक ठिकाणी लागणाऱ्या आगी यांचा हिशेब गणितात पुरेसा धरला गेला नाही, अशी टीका त्यावर झाली. जवळचे पथक आधीच दुसऱ्या आगीवर गेलेले असेल, तर नकाशावरील अंतर निरर्थक ठरते. म्हणून केंद्रांची योजना करताना क्षेत्राबरोबर वर्द्यांची वारंवारता, इमारतींची उंची व वय, रस्त्यांची रुंदी, रेल्वे फाटके, पूल आणि पुराचे पाणी साचणारे भाग यांचाही विचार करावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, अशा वेळी सखल भागातील केंद्राची वाहने बाहेर पडू शकत नाहीत.

पोलीस ठाण्याच्या बाबतीत अंतराचा अर्थ निराळा असतो. गस्तीची वाहने ठाण्यात उभी न राहता फिरत असतात. त्यामुळे ती घटनास्थळी किती लवकर पोहोचतील, हे ठाण्याच्या जागेपेक्षा गस्तीच्या आखणीवर अधिक अवलंबून असते. ठाण्याची जागा महत्त्वाची ठरते ती तक्रारदाराच्या दृष्टीने. पायी किंवा सार्वजनिक वाहनाने पोहोचता येईल, रात्रीही उजेड व वर्दळ असेल आणि स्त्रियांना व वृद्धांना जाण्यास संकोच वाटणार नाही, अशी जागा इष्ट होय. अटक केलेल्या व्यक्तीस चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करण्याचे घटनात्मक बंधन असल्याने न्यायालयाशी सुलभ दळणवळणही पाहावे लागते.

प्रमाणके : केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नागरी व प्रादेशिक विकास योजनांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सुमारे ९० हजार लोकवस्तीमागे एक पोलीस ठाणे असावे व त्यास निवासस्थानांसह १.५ हे. जागा मिळावी. दोन लाख लोकवस्तीमागे एक अग्निशमन केंद्र किंवा उपकेंद्र असावे. केंद्रासाठी निवासस्थानांसह १ हे. व उपकेंद्रासाठी ०.६ हे. जागा धरावी. या हिशेबाने दोन लाख वस्तीच्या नव्या उपनगरास एक अग्निशमन केंद्र व दोन पोलीस ठाणी यांसाठी सुमारे ४ हे., म्हणजे जवळजवळ दहा एकर जमीन लागेल. जुन्या गावठाणात किंवा बाजारपेठेत एवढी मोकळी जमीन मिळणे अशक्यप्राय असते. म्हणून तेथे लहान उपकेंद्रे व चौक्या यांवर भर द्यावा लागतो. निवासस्थानांचा या क्षेत्रफळात केलेला समावेश ही कर्मचाऱ्यांना दिलेली केवळ सवलत नव्हे. मोठ्या दुर्घटनेच्या वेळी कामावर नसलेल्या जवानांनाही तातडीने बोलवावे लागते. ते दूरच्या उपनगरात राहत असतील, तर ही राखीव शक्ती वेळेवर उपलब्ध होत नाही.

जागेचे आरक्षण : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये नियोजन प्राधिकरण आपल्या क्षेत्राची विकास योजना तयार करते. तिच्या प्रारूपात सार्वजनिक प्रयोजनांसाठी जमिनी आरक्षित दर्शविल्या जातात. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागवून त्यांची सुनावणी होते व अखेरीस राज्य शासन योजनेस मंजुरी देते. अशी योजना वीस वर्षांतून किमान एकदा सुधारावी लागते. मुंबईची पहिली विकास योजना १९६७ मध्ये मंजूर झाली. २०३४ पर्यंतचा काळ डोळ्यांसमोर ठेवून केलेली योजना १ सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आली.

नकाशावर आरक्षण दर्शविल्याने जमीन नगरपालिकेची होत नाही. ती परस्पर कराराने, वाढीव चटई क्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क देऊन अथवा भूसंपादन कायद्यानुसार मोबदला देऊन मिळवावी लागते. योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालकाला नोटीस देता येते व त्यानंतर ठराविक मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते. मूळ अधिनियमात सहा महिने असलेली ही मुदत पुढील दुरुस्त्यांनी वाढवत २०१५ मध्ये चोवीस महिने करण्यात आली. ही तरतूद न्याय्य आहे, कारण एखाद्याची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवणे योग्य नव्हे. तथापि व्यवहारात तिचा परिणाम असा होतो, की नगरपालिकेच्या दिरंगाईची किंमत त्या विभागातील रहिवाशांना मोजावी लागते. आरक्षण गेल्यावर त्या भूखंडावर इमारती उभ्या राहतात, विभागाची लोकवस्ती वाढते व केंद्राची गरज अधिक तीव्र होत असतानाच त्याची जागा नाहीशी होते.

समावेशक आरक्षणाच्या पद्धतीत विकासकाने आरक्षित भूखंडाच्या एका भागात सार्वजनिक सुविधा बांधून ती प्राधिकरणाच्या हवाली करावयाची असते. पोलीस चौकीसारख्या लहान सुविधेसाठी ही पद्धत उपयुक्त असते. अग्निशमन केंद्रासाठी मात्र रुंद दरवाजे, जड वाहनांना पेलणारी जमीन व निर्वेध निर्गम मार्ग लागत असल्याने निवासी इमारतीच्या तळमजल्याचा कोपरा त्यास पुरत नाही.

इमारतींची रचना : अग्निशमन केंद्र रुंद रस्त्यालगत, परंतु गर्दीच्या चौकापासून थोडे दूर असावे. वाहनांसमोर मोकळे प्रांगण असावे, म्हणजे वाहन रस्त्यावर येण्यापूर्वी चालकाला दोन्ही दिशा दिसतात. वर्दी घेण्याची खोली, पाण्याची भूमिगत टाकी, नळ वाळविण्याचा मनोरा व सरावाचे मैदान यांचा रचनेत समावेश असतो. वरच्या मजल्यावरून झटकन उतरण्यासाठी खांबाचा वापर प्रथम १८७८ मध्ये शिकागो येथे करण्यात आला. अनेक नव्या केंद्रांत जवानांच्या खोल्या तळमजल्यावरच ठेवण्याकडे कल आहे. वाहनांचा धूर झोपण्याच्या खोल्यांत शिरणार नाही, अशीही व्यवस्था आवश्यक असते.

पोलीस ठाण्यात तक्रारदारांसाठी दर्शनी कक्ष, स्त्रिया व बालके यांच्याशी बोलण्यासाठी स्वतंत्र खोली, कोठडी, मुद्देमालाची खोली, अभिलेख कक्ष व जप्त वाहनांसाठी जागा लागते. ही शेवटची बाब नियोजनात वारंवार विसरली जाते व जप्त वाहने रस्त्यावर साचतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात छायाचित्रण यंत्रे बसविण्याचे आदेश दिल्याने प्रवेशद्वारे, मार्गिका व कोठड्या यांची मांडणी त्यानुरूप करावी लागते. भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकात अग्निशमन केंद्रांसारख्या अत्यावश्यक इमारतींसाठी १.५ इतका महत्त्वगुणांक धरलेला आहे, कारण भूकंपानंतर मदतीस निघणारी वाहनेच ढिगाऱ्याखाली सापडणे परवडणारे नसते.

दोन्ही सेवा एकाच इमारतीत ठेवल्यास जमीन, विद्युत् जनित्र, प्रशिक्षणगृह व नियंत्रण कक्ष यांचा खर्च वाचतो. तथापि अंतराचे निकष भिन्न असल्याने एकीसाठी योग्य असलेली जागा दुसरीस योग्य असेलच, असे नाही. शिवाय ठाण्यासमोरील गर्दी बंबाची वाट अडवू शकते. म्हणून नियंत्रण कक्ष सामायिक व केंद्रे विखुरलेली, ही व्यवस्था बहुधा सोयीची ठरते.

अर्थव्यवस्था : नव्या केंद्राचा भांडवली खर्च एकदाच होतो, वेतन, इंधन व दुरुस्ती यांचा खर्च प्रतिवर्षी येतो. आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्यास एका जागेसाठी आठवड्यात एकवीस पाळ्या भरतात. एक जवान सहा पाळ्या करतो, म्हणजे एका जागेस साडेतीन जवान लागतात. रजा, आजारपण व प्रशिक्षण जमेस धरता ही संख्या चारच्या वर जाते. सतत दहा जवान सज्ज हवे असल्यास चाळीसहून अधिक पदे मंजूर करावी लागतात. हा हिशेब न करता बांधलेली केंद्रे उद्घाटनानंतर अपुऱ्या मनुष्यबळावर चालतात.

अमेरिकेतील अनेक शहरे अशा इमारतींसाठी कर्जरोखे काढतात व त्यास मतदारांची संमती घेतात. त्यामुळे कोणत्या विभागाला काय मिळणार, याची जाहीर चर्चा होते. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमान्वये बांधकामांवर अग्निशमन सेवा शुल्क आकारता येते. राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. ती पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशींवर आधारित आहे.

केंद्र जवळ असणे पुरेसे नसते, हे मुंबईतील काळबादेवी येथील ९ मे २०१५ च्या आगीने दाखवून दिले. अरुंद रस्त्यांच्या दाट वस्तीतील एक जुनी इमारत आगीत कोसळली व अग्निशमन दलाचे प्रमुख आणि अन्य तीन अधिकारी प्राणास मुकले. जुन्या इमारतींची दुरुस्ती, रस्त्यांवरील अतिक्रमणे दूर करणे, पाण्याच्या नळखांबांची देखभाल आणि इमारतींतील आगरोधक यंत्रणांची तपासणी ही कामे नव्या केंद्रांच्या बरोबरीने चालली पाहिजेत. बंब वस्तीत वेळेवर पोहोचला, तरी गल्लीत शिरू शकला नाही, तर केंद्राच्या जागेचा सारा हिशेब वाया जातो. विकास योजनेतील आरक्षण, मोबदल्याची तरतूद व पदांची मंजुरी या तीन गोष्टींचा एकत्र विचार झाला, तरच नकाशावरील केंद्र प्रत्यक्षात उभे राहते. [→ अग्निशमन, पोलीस, महानगरपालिका].